वापरकर्ती

नकाशा वाचायला मला वेळ लागत नाही. एकतीस वर्षं मी बांधकाम खात्यात ट्रेसर होते. इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीने काढलेलं पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचं, एवढंच काम. त्यामुळे भाचीच्या आर्किटेक्चर कॉलेजातल्या त्या लांबोडक्या हॉलमध्ये मी दारातून आत पाऊल टाकलं, तेव्हा तिच्या शीटांवरचं एक अक्षर लागत नव्हतं, तरी समोरच्या भिंतीवरचं घर मी ओळखलं. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं. स्वयंपाकघराची मागची भिंत थोडी तिरकी, कारण बिल्डिंगलाच तिथे वळण आहे. हॉलमध्ये खिडकीखाली दिवाण. आमचंच घर. मला आधी हसू आलं. म्हटलं, बघा कार्टीला, पदव्युत्तरच्या शेवटच्या प्रकल्पाला आपलंच घर घेतलं आणि महिनाभर ताकास तूर लागू दिली नाही. दादा आणि वहिनी बाहेर व्हरांड्यात कुणाशी तरी बोलत होते. त्यांना हाक मारून दाखवावं असं वाटलं, पण आधी आपण नीट बघून घेऊ म्हणून पुढे गेले. जवळ गेल्यावर नकाशावरची लाल रेघ दिसली.

रेघ दिवाणापासून निघाली होती. पहाटे पाच पन्नास. तिथून स्वयंपाकघर, तिथून गॅलरी, पुन्हा स्वयंपाकघर, भाचीच्या खोलीतलं कपाट, बाथरूम, पुन्हा हॉल. कुठे थांबायचीच नाही. बाजूला छोट्या गोलांत आकडे होते, एक ते अकरा, आणि त्यांची यादी. चष्मा, फ्रिजवर. औषधं, मसाल्यांच्या डब्यांमागे. कपडे, भाचीच्या कपाटातले खालचे दोन कप्पे. गरम कपडे, दिवाणाच्या पोटात. पेन्शनची कागदपत्रं, भावाच्या टेबलाचा खालचा खण. कंगवा, पर्समध्ये. अशी अकरा ठिकाणं. मी मनातल्या मनात मोजून पाहिलं. तिने एकही चुकवलं नव्हतं. माझ्या लक्षातही नव्हतं की माझा कंगवा पर्समध्ये असतो. सगळ्यांत वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘एका वापरकर्तीचा दिवस’. आणि मोठ्या बेडरूममध्ये, म्हणजे दादा-वहिनींच्या खोलीत, पलंगाच्या मधोमध, तुटक रेघांनी एका बाईची आकृती काढलेली होती. हातपाय चारी दिशांना पसरलेली. खाली वेळ : दुपारी दोन दहा ते दोन चाळीस. घरात कुणी नसताना. दार बंद.

कानाच्या पाळ्या तापतात म्हणजे काय ते मला साठाव्या वर्षी कळलं. पण लाज वाटेपर्यंत मध्ये एक क्षण गेला, आणि त्या क्षणात मी काय पाहिलं तर ती तुटक रेघ. प्रत्येक तुकडा सारख्या लांबीचा, प्रत्येक फट सारखी, वळणावरसुद्धा. हाताने काढली होती, मशीनने नव्हे. ते मीच शिकवलं होतं तिला. सहा-सात वर्षांची असेल, माझ्या मांडीला मांडी लावून बसायची आणि मी ऑफिसातून आणलेल्या वाया गेलेल्या कागदांवर रेघा ओढायची. पेन्सिल ओढताना बोटांत हळूहळू फिरवायची, म्हणजे टोक एका अंगाने झिजत नाही आणि रेघ सुरुवातीला जेवढी बारीक तेवढीच शेवटाला राहते. श्वास रेघ संपल्यावर सोडायचा. ठकी गाल फुगवून श्वास धरून बसायची आणि मग एकदम ‘हूऽऽश’ करून माझ्या अंगावर पडायची. ठकी हे नाव मीच ठेवलं, बाहुलीसारखी होती म्हणून. आता चोवीस वर्षांची झाली तरी घरात तेच चालतं.

तिच्या जन्माआधी त्या घरात एक खोली माझी होती. आई गेली, भाड्याचं घर सोडावं लागलं, तेव्हा दादा म्हणाला, ‘वेगळी कुठे राहणार, इकडेच ये.’ लग्न मी केलं नव्हतं. का, त्याला काही मोठी कहाणी नाही, राहून गेलं. त्या खोलीला सगळे ‘आत्याची खोली’च म्हणायचे, बाळ व्हायच्या आधीपासूनच, जणू बाळाचीच भाषा घर आधीपासून बोलायला लागलं होतं. मग ठकी आली, तिचा पाळणा माझ्याकडे आला, कारण वहिनीची नोकरी शिफ्टची. पाळण्याची कॉट झाली, कॉटचा पलंग. केव्हा तरी लोक ‘ठकीची खोली’ म्हणायला लागले. कोणी ठरवलं नाही, कोणी वाईट हेतूने केलं नाही. मीही म्हणायला लागले. ती या अभ्यासक्रमाला लागली, तिचं मॉडेलचं टेबल आलं, पुठ्ठे आले, आणि मी हॉलमधल्या दिवाणावर आले. मीच म्हटलं होतं, ‘मला काय, कुठेही झोप लागते.’ आणि खरंच लागायची. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या भिंतीवर ते सगळं दुःख म्हणून लावलेलं होतं. माझं दुःख असतं तर मला माहीत नसतं का? की खरंच नव्हतं माहीत? त्या हॉलमध्ये उभी राहून मला हेच कळेना, आणि हे न कळण्याचा राग सगळ्यांत जास्त होता.

पलंगाची गोष्ट मी तिला एका रविवारी सांगितली होती. आम्ही दोघी तिच्या टेबलाशी पुठ्ठा कापत होतो. मॉडेलच्या खुर्च्या करायच्या होत्या, नखाएवढ्या, चाळीस. काम हातात असलं की जीभ सैल होते. ऑफिसातही तसंच असायचं. शाई वाळेपर्यंत बायका काय काय बोलून जायच्या. तिने विचारलं, ‘आत्या, रिटायर झाल्यापासून दुपारी एकटी असतेस, कंटाळा नाही येत?’ मी म्हटलं, ‘अगं, कसला कंटाळा! मी काय करते सांगू का? हसू नकोस.’ आणि सांगितलं. सगळे गेले, भांडी झाली, की मी त्या मोठ्या पलंगावर जाऊन पडते. मधोमध. हात इकडे, पाय तिकडे. दिवाणावर कुशीवर झोपावं लागतं ना, म्हणून. अर्धा तास. मग उठून चादर अशी ताणून ठेवते की वहिनीच्या बापाला कळणार नाही. ठकी इतकी हसली, की तिच्या हातातला पुठ्ठा वाकडा कापला गेला. मीही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो आम्ही. मग पुठ्ठा सरळ करत ती म्हणाली, ‘किती वाजता साधारण?’ मला वाटलं, लाडाने विचारतेय. मी म्हटलं, ‘दोन दहाला. ते वरचे भाडेकरू दोनला रेडिओ बंद करतात, मग.’

त्याच दिवशी की पुढच्या रविवारी, तिने एक कागद पुढे केला होता. ‘आत्या, इथे सही कर ना. कॉलेजचं असतं काहीतरी, घरातल्या मोठ्या माणसाची लागते.’ माझी बोटं डिंकाने चिकटलेली. मी अंगठ्याने कागद धरून सही केली. ज्या बाईने एकतीस वर्षांत तपासल्याशिवाय एका शीटच्या कोपऱ्यात आद्याक्षर टाकलं नाही, जिच्यामुळे एकदा एका पुलाच्या नकाशातला उलटा बाण सापडला होता, त्या बाईने.

‘वन्सं, इथे काय एकट्याच उभ्या?’ वहिनी मागून आली. मी वळून तिला दुसरीकडे नेऊ शकले असते. त्या पलीकडच्या मॉडेलकडे, पाणी प्यायला, कुठेही. मला सुचलं नाही. वहिनीला नकाशे कळत नाहीत, म्हणून तिने आधी यादी वाचली. ‘मसाल्यांच्या डब्यांमागे,’ ती हसून म्हणाली, ‘अगदी तुमच्यासारखंच आहे की हो.’ मग तिची नजर उजवीकडे गेली. तिचा पलंग तिने त्याच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या टेबलांवरून ओळखला असावा. ती वाचत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं.

तेवढ्यात परीक्षक आल्या. बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या, पांढरे आखूड केस, चष्मा गळ्यात दोरीला. बरोबर ठकीचे सर आणि मागे चार-पाच मुलं. ठकी लगबगीने शीटांपाशी आली. आम्हाला बघून दचकली, पण लगेच बोलायला लागली. चांगलं बोलली. की घर सगळ्यांना दार देतं पण सगळ्यांना कोपरा देत नाही. की ज्या माणसाच्या वस्तू अकरा ठिकाणी आहेत, ते माणूस घरात राहत नाही, घरात पसरलेलं असतं. मग शेवटचं शीट दाखवलं : गॅलरी बंद करून केलेली खोली, सहा फूट बाय साडेआठ, तिच्यात खिडकीशी झोपायची जागा, अकराही वस्तूंना भिंतीत कप्पे. सुरेख होतं. मी उगाच बोलत नाही. मला चांगलं काम कळतं.

परीक्षकांनी चष्मा लावला आणि पलंगावरच्या आकृतीपाशी वाकल्या. ‘ही वापरकर्ती खरी आहे, की तुम्ही रचलीत?’

‘खरी आहे, मॅडम.’

‘मग तिला माहीत आहे का, की ही गोष्ट इथे भिंतीवर लागणार आहे?’

ठकीने माझ्याकडे पाहिलं नाही. ‘हो. लेखी परवानगी आहे. अहवालाच्या शेवटी जोडलीय.’

परीक्षकांनी अहवाल उघडला, शेवटची पानं चाळली. ‘सही आहे. पण वाचून केलीय का? घरातल्या माणसांच्या सह्या आपण कशा घेतो, ते मी पुष्कळ पाहिलंय. वाचून केली नसेल तर मी याला मार्क देणार नाही. रेघा कितीही चांगल्या असोत.’

सरांनी घसा खाकरला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. ठकीच्या गळ्यापाशी एक लाल चट्टा उठला. लहानपणापासून उठतो, खोटं बोलली की. तो चट्टा मी कितीदा ओल्या फडक्याने पुसायचं नाटक केलंय, गेला गेला म्हणून. मला काही ठरवायला वेळच मिळाला नाही.

‘वाचून केलीय,’ मी म्हटलं.

त्या वळल्या. ‘तुम्ही?’

‘ती मीच. मी वाचूनच सही करते. सवय आहे.’

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मान हलवली, आणि पुढच्या मुलाकडे गेल्या. ठकीने सुटकेचा श्वास सोडला. हूऽऽश. आणि मला माझ्या डाव्या अंगाला वहिनीची हालचाल जाणवली. ती एक पाऊल बाजूला सरकली होती. तेवढंच, एक पाऊल. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. पोरीला वाचवताना मी वहिनीला सांगून बसले होते, की हो, हे सगळं मी समजून-उमजून भिंतीवर लावू दिलं. तुझा पलंग, तुझं घर, माझी अकरा ठिकाणं.

घरी येताना टॅक्सीत दादा एकटाच बोलत होता. ठकीला पहिला नंबर मिळाला होता, त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हते आणि फुटले की थांबत नव्हते. घरी आल्यावर मात्र तो गॅलरीत गेला आणि टेप घेऊन मोजायला लागला. त्याचं असंच असतं, मनाला लागलं की तो स्क्रू ड्रायव्हर शोधतो. ‘उद्याच सुताराला बोलावतो,’ तो आतून ओरडला. ‘आधी का नाही बोललीस ग? पंचवीस वर्षं... माणसाने तोंड उघडावं की नाही?’

वहिनी बेडरूममध्ये गेली आणि पलंगाची चादर काढून घेऊन आली. धुवायचा वार नव्हता. तिने ती मशीनमध्ये टाकली, मग माझ्यासमोर येऊन बसली. ठकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पाण्याचा ग्लास.

‘पलंगाचं काही नाही हो, वन्सं,’ वहिनी म्हणाली. ‘पडायचं होतं तर दिवसभर पडायचं. पण तुम्ही स्वतःला या घरात पाहुणी समजत होतात, आणि मला वाटत होतं, आपण दोघी मिळून हे घर चालवतोय. माझ्या बाळंतपणात तुम्ही होतात. माझी आई गेली तेव्हा तुम्ही होतात. आणि मला सांगायचं सोडून तुम्ही... चार परक्या लोकांसमोर. सही करून.’ तिचा आवाज चिरकला. ‘मी तुम्हाला कधी काही कमी केलं का? एकदा तरी?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘कधीच नाही.’

‘मग?’

मी ठकीकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. ‘आई, आत्याने वाचलं नव्हतं ग.’ आता तर मार्कही लागले होते, नंबरही आला होता, कुणाचं काही जाणार नव्हतं. मी थांबले. वहिनी माझ्या उत्तराची वाट बघत होती आणि मी ठकीच्या. ठकीने ग्लास ओठांना लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली घेतला नाही. मग आत गेली.

मीच सांगितलं असतं तर? हा विचार मी त्यानंतर इतक्यांदा केलाय, की तो आता गुळगुळीत झालाय. वहिनीने विश्वास ठेवला असता. पण मग वहिनीच्या पोरीने आपल्या आत्याला फसवून सही घेतली, परीक्षकांना खोटं सांगितलं, आणि आईला रडताना बघून गप्प राहिली, हे मी माझ्या तोंडाने त्या आईला सांगायचं. ते ठकीचं सांगणं होतं. मी तिच्यासाठी वाट पाहिली. त्या संध्याकाळी पाहिली, दुसऱ्या दिवशी पाहिली. चौथ्या दिवशी आम्ही दोघीच घरात असताना मी विचारलं, ‘काय ग, मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर तू नैसर्गिक वागली नसतीस,’ ती म्हणाली. मग घाईने, ‘आणि तुझं नाव कुठे घातलंय? आणि आत्या, सगळं तुझ्यासाठीच केलं ना. बघ, बाबा खोली करतायत. नुसतं सांगून केली असती त्यांनी?’

‘आणि आईला?’

‘आईचं होईल ग शांत. आत्ता सांगितलं तर उगाच वाढेल.’ ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवायला आली. लहानपणी यायची तशीच, तेवढ्याच भरवशाने. मी खांदा काढून घेतला नाही. पण तो माझा खांदा राहिला नव्हता. मी कुठेतरी बाजूला उभी राहून बघत होते, एक पोरगी एका बाईच्या खांद्यावर डोकं ठेवतेय, वेळ सकाळी अकरा वीस.

दुपारचं पडणं बंद झालं, हे सांगायला नको. वहिनी जाताना बेडरूमचं दार मुद्दाम सताड उघडं ठेवून जायची. ‘पडा हो,’ म्हणायची. तिला खरंच तसं वाटत असेल. पण त्या उघड्या दारापुढून जाताना मी पाय उचलून टाकायची. कंगवा पर्समधून काढून कुठे ठेवायचा ते समजेना. जिथे ठेवावा तिथे वाटायचं, हे बारावं ठिकाण. मी घरात उठायला, बसायला, पाणी प्यायला लागले की माझ्यामागे एक लाल रेघ येतेय असं वाटायचं. आणि सुतार रोज यायचा. गॅलरीची जाळी काढली, खिडक्या बसल्या, कप्प्यांच्या फळ्या आल्या. तो मला विचारायचा, ‘बाई, हा कप्पा कितीवर घेऊ? तुमच्या हाताला बरा पडेल असा सांगा.’ मी म्हणायची, ‘नकाशात असेल तसा.’

आमच्या ऑफिसातली टायपिस्ट एका नोकरदार बायकांच्या वसतिगृहात राहायची. तिच्या ओळखीने तिथे खोली मिळाली. संध्याकाळी तिथल्याच ऑफिसच्या खिडकीवर बसून रजिस्टर सांभाळायचं, पत्रं वाटायची, असं थोडं कामही होतं. कप्प्यांना रंग द्यायचा बाकी होता तेव्हा मी निघाले. दादा खूप बोलला. ‘लोक काय म्हणतील’पासून ‘मी मेलो का?’पर्यंत. वहिनीने माझी बॅग भरायला मदत केली आणि अकराही ठिकाणांहून सगळं बरोबर गोळा करून आणलं. आता तिलाही पाठ झालं होतं. दारात ती म्हणाली, ‘तब्येतीला जपा, वन्सं.’ पूर्वी ती असं म्हणाली असती तर माझ्या पाठीवर हात ठेवून. ठकी कामाच्या मुलाखतीला गेली होती.

ती आली चौथ्या महिन्यात. पायऱ्यांखालच्या भेटीच्या खोलीत बसली होती, नव्या ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, ‘भाची आहे ना? मग वर न्या की, बायकांना हरकत नाही.’ ठकी उठलीसुद्धा. मी म्हटलं, ‘इथेच बरं. वर पसारा आहे.’ पसारा नव्हता. ठकीला ते कळलं, ती परत बसली. दादाच्या गुडघ्याबद्दल बोलली, ऑफिसातल्या एका चिकट गिऱ्हाइकाबद्दल बोलली, नक्कल करून दाखवली, मला हसू आलं. मग मी गॅलरीच्या खोलीचं विचारलं.

‘झाली पूर्ण,’ ती म्हणाली आणि ओळखपत्राच्या दोरीशी खेळायला लागली. ‘सध्या... मीच बसते तिथे. ऑफिसचं काम घरी आणते ना. रिकामीच होती.’ गळ्यावरचा चट्टा उठला नाही, म्हणजे खरं होतं.

‘उजेड कसा येतो?’

‘छान येतो. सकाळी थोडा डोळ्यावर येतो फक्त.’

‘खिडकी पूर्वेला घेतलीस, येणारच. वर एक आडवी फळी लाव.’

‘लावते.’ तिने दोरी सोडली. ‘आत्या, आईला मी सांगणार आहे. खरंच.’

‘कधी?’

‘बघते. जरा तिचा मूड बघून.’

तिने माझा हात धरला, मी धरू दिला. मग ती गेली. फाटकापाशी वळून पाहिलं तिने, मी खिडकीत असणार म्हणून, आणि मी होते. तिने हात हलवला. मी हलवला नाही. हात गजावर होता, तो तिथेच राहू दिला.

व्यवस्थापक बाई रजिस्टर मिटत होत्या. ‘गोड आहे हो मुलगी. पुढच्या वेळी आली तर सरळ वर पाठवू का?’

मी पत्रांचा गठ्ठा उचलला, मजल्यांप्रमाणे लावायला घेतला. तिसऱ्या मजल्याची दोन, पहिल्याची पाच.

‘नको,’ मी म्हटलं. ‘मला हाक मारा. मी खाली येईन.’